कारखान्याच्या दारातून : आधी काम, मग सॉफ्टवेअर



आज खरं तर बेअरिंगची गोष्ट सांगायची होती. पण या आठवड्याच्या टपालात एक पत्र आलं आणि बेअरिंग बाजूला राहिलं. पत्र आहे कऱ्हाडजवळच्या एका गावातल्या, नववीत शिकणाऱ्या मैत्रिणीचं. तिचं नाव मुद्दामच छापत नाही. पत्र मात्र तिच्याच शब्दांत वाचा.

‘काका, आमच्या बाबांचं गेट आणि ग्रिल बनवायचं वर्कशॉप आहे. गेल्या दिवाळीत त्यांनी कर्ज काढून एक जुनं सीएनसी प्लाझ्मा मशीन घेतलं. गिऱ्हाईक पेनड्राइव्हवर डिझाइन घेऊन येतं, पण ती फाईल मशीनला चालत नाही. मग बाबा शहरात जाऊन ती दुरुस्त करून आणतात. दर वेळी पैसे जातात आणि अर्धा दिवसही जातो. घरी कॉम्प्युटर आहे आणि तो मलाच चालवता येतो. बाबा म्हणाले, तूच शीक. पण कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं? एक जण म्हणतो, सगळ्यात महागातलं घ्या. बाबांच्या ओळखीचा एक दादा म्हणतो, तेच मी फुकट टाकून देतो, क्रॅक करून. परवा एक अख्खा पत्रा चुकीचा कापला गेला. त्या रात्री बाबा जेवले नाहीत. मला चुकायचं नाहीये. सांगाल का?’

वाचलंत? आता एक छोटा हिशेब करा. आठ फूट बाय चार फूट आकाराचा आणि ३ मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा किती किलोचा असेल? सुमारे ७० किलोचा! तो चुकीचा कापला गेला की नव्या मालाच्या भावाने आणलेलं ७० किलो लोखंड भंगाराच्या भावाने विकावं लागतं. बाबा का जेवले नाहीत, ते समजलं ना?

म्हणून आज या मैत्रिणीलाच उत्तर देऊ या. तुमच्या घरी प्लाझ्मा मशीन नसेल, पण शाळेत लेझर कटर किंवा त्रिमिती प्रिंटर असेल, नाहीतर उद्या येईल. तेव्हा हेच उपयोगी पडेल.

मशीनला काय कळतं?

सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरने दिलेल्या आकड्यांवर चालणारं मशीन. नववीच्या गणितात निर्देशक भूमिती असते. आलेख कागदावर आपण (१०, १०) हा बिंदू काढतो, मग (११०, १०) काढतो आणि दोन्ही जोडतो. मशीन हेच करतं. त्याचं टेबल म्हणजे आलेखाचा कागद आणि टॉर्च म्हणजे पेन्सिल.

मशीनची भाषाही अगदी तुटपुंजी. ‘जी-शून्य’ म्हणजे न कापता या बिंदूवर जा. ‘जी-एक’ म्हणजे सरळ रेषेत कापत जा. ‘जी-दोन’ म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने कंस काढ आणि ‘जी-तीन’ म्हणजे उलट्या दिशेने. बाकीच्या आज्ञा टॉर्च चालू कर, बंद कर, अशा. मोर, कमळ, वेलबुट्टी असलं काही मशीनला कळत नाही. कळतात ते बिंदू, रेषा आणि कंस.

या मशीनचा जन्म कुठला? अमेरिकेतला. जॉन पार्सन्स नावाचे गृहस्थ हेलिकॉप्टरच्या पात्यांचं काम करत. पात्याचा वळसा अचूक यावा म्हणून वळणावरचे असंख्य बिंदू मोजावे लागत. मग हे आकडे थेट मशीनलाच का देऊ नयेत, असा विचार त्यांच्या मनात आला. पुढे १९५२ साली एमआयटी या प्रसिद्ध संस्थेत आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन चालवून दाखवण्यात आलं. आकडे लिहिलेले होते भोकं पाडलेल्या पट्टीवर! आज पट्टी गेली आणि तिची जागा फाईलने घेतली. पण मशीन आजही आकडेच वाचतं.

एक नव्हे, दोन सॉफ्टवेअर

इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. चित्रापासून मशीनपर्यंत दोन पायऱ्या असतात.

पहिली पायरी डिझाइनची. इथे आपण आकार काढतो किंवा आलेली फाईल दुरुस्त करतो.

दुसऱ्या पायरीला ‘कॅम’ म्हणतात. टॉर्चने कुठून सुरुवात करायची, आधी भोकं कापायची की बाहेरची कड, किती वेगाने जायचं, हे तिथे ठरतं. प्लाझ्माची ज्योत स्वतःच साधारण दीड मिलिमीटर धातू खाऊन टाकते, त्याचा हिशेबही तिथेच होतो. समजा १०० मिलिमीटरचा चौकोन हवा आहे आणि टॉर्च बरोबर रेषेवरून फिरला. तर दोन्ही बाजूंनी पाऊण-पाऊण मिलिमीटर जाईल आणि चौकोन भरेल ९८.५ मिलिमीटर. उलट २० मिलिमीटरचं भोक होईल २१.५ मिलिमीटरचं. म्हणून टॉर्च रेषेच्या कोणत्या बाजूने न्यायचा, ते कॅमला सांगावं लागतं.

जुनं मशीन घेताना कॅमचं सॉफ्टवेअर बहुधा सोबत मिळतं. आधी ते कोणतं आहे आणि कोणत्या प्रकारची फाईल मागतं, हे बाबांना विचारून वहीत लिही. बहुतेक ठिकाणी उत्तर येईल : डीएक्सएफ. कधी एसव्हीजीसुद्धा. ही नोंद असल्याशिवाय पहिल्या पायरीचं सॉफ्टवेअर निवडायला बसू नकोस.

ठिपके आणि रेघा

दिवाळीत आजी ठिपक्यांची रांगोळी काढते. आधी ठिपके, मग रेघा. नुसत्या ठिपक्यांवरून कोणता ठिपका कुठे जोडायचा, हे आजीला माहीत असतं, पण मशीनला नसतं.

मोबाइलवर आलेला डिझाइनचा फोटो म्हणजे दाट भरलेले रंगीत ठिपके. डोळ्यांना रेघ दिसते, पण फाईलमध्ये रेघ नसते. डीएक्सएफ आणि एसव्हीजी या मात्र रेघांच्या फायली. ‘या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेषा’, ‘इथे केंद्र, इतकी त्रिज्या, वर्तुळ’, असं त्यांत खरोखरच लिहिलेलं असतं. डीएक्सएफ हा प्रकार १९८२ साली ऑटोकॅडबरोबर आला. बहुतेक डीएक्सएफ फायली साध्या मजकुराच्या असतात, त्यामुळे नोटपॅडमध्येही उघडतात. एकदा उघडून पाहा, गंमत वाटेल. आकड्यांची रांगच रांग! फक्त बदल न करता बंद करा.

मग फोटोवरून रेघा काढता येतात का? येतात. त्याला ट्रेस करणं म्हणतात. पण फोटोतली जाड काळी रेघ ट्रेस केली की तिच्या दोन्ही कडांच्या दोन रेघा तयार होतात. म्हणून ट्रेस केलेली फाईल तपासल्याशिवाय मशीनवर घ्यायची नाही.

फाईलचे पाच दोष

आता मुख्य मुद्दा. सॉफ्टवेअर निवडायचं ते कशासाठी? फाईल दुरुस्त करण्यासाठी. मग फाईलमध्ये बिघडतं काय, हे आधी कळायला हवं. मला वारंवार भेटलेले दोष पाच.

पहिला दोष, मापाचा. पुष्कळ डीएक्सएफ फायलींत आकडे असतात, पण ते मिलिमीटर की इंच, हे लिहिलेलंच नसतं. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. ६०० मिलिमीटरची जाळी इंचांत वाचली गेली तर १५ मीटरच्या वर जाते आणि चूक लगेच लक्षात येते. पण काही चुका लबाड असतात. इंकस्केप नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्वी एक इंच म्हणजे ९० एकक धरत. २०१७ मधल्या ०.९२ या आवृत्तीपासून ते ९६ धरतात. जुन्या हिशेबाची फाईल नव्या हिशेबाने वाचली की ३०० मिलिमीटरचा भाग होतो २८१ मिलिमीटरचा! डोळ्यांना काही कळत नाही. कळतं ते थेट गेट बसवताना.

दुसरा दोष, उघडी रेघ. आकार दिसतो बंद, पण एका कोपऱ्यात केसाएवढी फट असते. फट असली की आतली बाजू कोणती आणि बाहेरची कोणती, हे कॅमला ठरवता येत नाही.

तिसरा दोष, दुहेरी रेघ. एकाच जागी एकावर एक दोन रेघा. पडद्यावर एकच दिसते, मशीन मात्र दोनदा कापतं. यावर माझी स्वतःचीच फजिती सांगतो. कोल्हापूरला उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये मी काम करत होतो. एका फाईलमध्ये सगळी वर्तुळं दुहेरी होती. मशीनने पहिलं वर्तुळ कापलं. कापलेली चकती पूर्ण खाली न पडता तिरकी होऊन उभी राहिली. टॉर्च त्याच वर्तुळावर परत आला आणि चकतीला धडकला. नोझल फुटलं, टॉर्चची पकड वाकली आणि दोन दिवस मशीन बंद! मी सॉफ्टवेअरच्या नावाने बोटं मोडत होतो. आमचे जुने मिस्त्री शांतपणे म्हणाले, “साहेब, कापायच्या आधी फाईल उघडून बघितली होती का?” बघितली नव्हती. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

चौथा दोष, तुकडेच तुकडे. वर्तुळ सांगायला एक केंद्र आणि एक त्रिज्या पुरते. पण काही फायलींत त्याच वर्तुळाच्या जागी शेकडो बारीक सरळ रेषा असतात. मशीन प्रत्येक तुकड्याशी अडखळतं, कड खडबडीत येते आणि गोल भोक गोल राहत नाही.

पाचवा दोष, अक्षरांचा. हा आपल्या मराठी मंडळींनी नीट समजून घ्यावा, कारण नावाच्या पाट्यांची कामं पुष्कळ येतात. फाईलमध्ये अक्षरं अक्षरांच्याच रूपात असतील आणि तो फॉन्ट तुमच्या कॉम्प्युटरवर नसेल, तर दुसरंच काहीतरी दिसतं. जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये तर ‘पाटील’च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. म्हणून फाईल पाठवणाऱ्याला सांगायचं, “कर्व्ह करून पाठवा.” म्हणजे अक्षरांचं रूपांतर रेघांमध्ये करून पाठवा.

तेवढ्याने भागत नाही. आपल्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला शिरोरेषेचा स्वतःचा तुकडा असतो आणि शेजारच्या तुकड्यांत तो थोडा घुसलेला असतो. तसंच कापलं तर प्रत्येक सांध्यावर काप बसतो आणि शब्दाचे तुकडे हातात येतात. सगळे आकार आधी जोडून एक करावे लागतात. या क्रियेला ‘युनियन’ म्हणतात, काही जण ‘वेल्ड’ म्हणतात. ते झालं की मजा बघा. इंग्रजी नावातली अक्षरं कापल्यावर सुटी होतात, मराठी नाव मात्र शिरोरेषेमुळे एकसंध हातात येतं. सुटा पडतो तो अनुस्वार! त्याला बारीक पट्टीने जोडायला विसरू नका.

आणि पत्र्यातून अक्षर आरपार कापून काढायचं असेल, तर उलट काळजी घ्या. ‘व’चं पोट सगळीकडून बंद असतं. शिरोरेषेमुळे ‘प’चंसुद्धा. कापल्यावर आतला तुकडा खाली पडतो आणि अक्षराच्या जागी नुसतं भोक राहतं. तिथे दोन छोटे पूल ठेवावे लागतात.

मग घ्यायचं कोणतं?

आता पाच दोष समोर ठेवून सॉफ्टवेअरकडे बघू. ‘सगळ्यात चांगलं कोणतं?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘माझ्या कामाला कोणतं?’ याला आहे. तुझ्या बाबांकडे दोन तऱ्हेची कामं येत असणार. एक तर नक्षी, जाळी आणि नावांची. दुसरी बोल्टच्या भोकांच्या पट्ट्या, कोपरपट्ट्या, फ्लँज, म्हणजे मापाची.

नक्षी आणि नावांसाठी इंकस्केप घे. २००३ पासून ते मोफत मिळतं, आणि कायदेशीररीत्या मोफत. त्यात युनिकोड मराठी टाइप करता येतं आणि जोडाक्षरं बरोबर येतात. अक्षरांच्या रेघा करणं, त्या जोडून एक करणं, फोटो ट्रेस करणं, वळणाचे बिंदू ओढून नीट करणं, हे सगळं त्यात आहे. हे ओढता येणारं वळण मूळचं मोटारींच्या कारखान्यातलं बरं का! फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो आणि रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी मोटारींच्या अंगाची वळणं गणितात बसवली, त्यातून ते आलं. बेझिए यांच्या नावाने ते आज ओळखलं जातं. इंकस्केपचा उणेपणा असा, की डीएक्सएफ करून बाहेर काढताना वर्तुळ वर्तुळ राहत नाही, त्याचं साधं वळण किंवा तुकडे होतात. नक्षीत ते खपतं, बोल्टच्या भोकात खपत नाही.

मापाच्या कामासाठी लिब्रेकॅड घे. तेही मोफत. क्यूकॅड नावाच्या सॉफ्टवेअरच्या खुल्या आवृत्तीतून ते जन्मलं. ते फक्त सपाट, म्हणजे द्विमिती आराखड्यांचं आहे, त्यामुळे आटोपशीर आहे आणि बेताच्या कॉम्प्युटरवरही चालतं. माप आकड्यांत टाइप करायचं, रेषेच्या टोकाला किंवा मध्यावर नेमकं चिकटायचं. इथे वर्तुळ हे वर्तुळ आणि कंस हा कंसच राहतो. त्याची मूळ फाईलच डीएक्सएफ. मराठी नावांच्या कामाला मात्र ते नको. तिथे इंकस्केपच बरं.

फ्रीकॅडचं नाव कानावर येईल. तेही मोफत आहे आणि त्याची १.० ही आवृत्ती २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आली. पण ते मुख्यतः त्रिमिती कामाचं. सपाट पत्र्यासाठी आज त्याची घाई नको. दहावीच्या सुट्टीत जरूर शीक.

आणि महागातलं? ऑटोकॅड, कोरलड्रॉ ही चांगलीच सॉफ्टवेअर आहेत. पाट्या आणि फ्लेक्सच्या दुकानांत कोरलड्रॉ बरंच दिसतं. पण ती घेतली म्हणून दुहेरी रेघ आपोआप सापडत नाही. ती शोधायला बघणारा डोळा लागतो, आणि तो मोफत सॉफ्टवेअरवरही तयार होतो. सहा महिने ही दोन वापर. जिथे अडेल तिथे वहीत नोंद कर. ‘गिऱ्हाईक अमुक प्रकारची फाईल देतं आणि ती उघडत नाही’, असं काय अडतंय ते एका वाक्यात लिहिता आलं आणि ते वाक्य दर आठवड्याला लिहावं लागलं, तर बाबांनी पैसे टाकायला हरकत नाही. तोपर्यंत नको.

फुकट आणि चोरीचं

त्या क्रॅक करून देणाऱ्या दादाविषयी. तो मनाने चांगला असेल, मदतच करू पाहत असेल. पण ‘मोफत’ आणि ‘चोरीचं’ यांत फरक आहे. इंकस्केप आणि लिब्रेकॅड बनवणाऱ्यांनी स्वतःच सांगितलंय, की वापरा, वाटा, धंद्यालाही वापरा. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरच्या मालकाने तसं सांगितलेलं नाही. शिवाय कुलूप तोडणाऱ्याने आत आणखी काय ठेवलंय, ते तुला दिसत नाही. त्याच कॉम्प्युटरवर बाबांची बिलं आणि गिऱ्हाइकांच्या फायली असतील ना?

आणखी एक खाचखळगा. काही महागडी सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना मोफत मिळतात. ती शिकण्यासाठी जरूर घे. पण ती परवानगी शिकण्यापुरतीच असते. तिच्यावर बाबांच्या गिऱ्हाइकाचं काम करायचं नाही.

करून पाहा

कुणाच्याही सांगण्यावर, अगदी माझ्याही, विसंबू नका. एक रविवार काढा आणि ही परीक्षा घ्या.

१. १०० बाय ६० मिलिमीटरची पट्टी काढा. चारही कोपऱ्यांत ८ मिलिमीटर व्यासाची भोकं द्या. प्रत्येक भोकाचं केंद्र दोन्ही कडांपासून १० मिलिमीटरवर.

२. समोरासमोरच्या भोकांच्या केंद्रांतलं तिरकं अंतर सॉफ्टवेअरमध्येच मोजा. केंद्रांमधली अंतरं ८० आणि ४०. पायथागोरसला विचारा, उत्तर येईल ८९.४४. दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत.

३. फाईल डीएक्सएफमध्ये साठवा, बंद करा आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. माप तेच आहे का? वर्तुळ वर्तुळच आहे का?

४. एका रेषेवर क्लिक करून ती पुसा. खाली तशीच दुसरी दिसली तर समजा, दुहेरी होती. मग ‘मागे घ्या’ची आज्ञा देऊन रेषा परत आणा.

५. कागदावर छापा. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करा आणि १०० टक्के ठेवा. मग फूटपट्टीने मोजा.

६. शेवटी तुमचं नाव मराठीत लिहून त्याच्या रेघा करा, जोडून एक करा आणि पुठ्ठ्यावर छापून कात्रीने कापा. काय सुटं पडतं ते बघा.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये हे सहा प्रकार तुम्हाला न अडखळता जमतील, ते तुमचं.

शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल, तर सरांना किंवा बाईंना विचारून हा प्रयोग तिथे करा. २०१६ पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी या प्रयोगशाळा सुरू झाल्या आहेत. आणि एक अभिमानाची गोष्ट. पुणे जिल्ह्यात पाबळ नावाचं गाव आहे. तिथे डॉ. कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, ही तिथली रीत. एमआयटीने ‘फॅब लॅब’ नावाच्या, सगळ्यांना खुल्या असणाऱ्या कार्यशाळांची कल्पना मांडली, तेव्हा जगातल्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक २००२ साली या पाबळमध्ये उभी राहिली! म्हणजे खेड्यातल्या मुलामुलींनी असली मशीनं चालवणं यात नवल काहीच नाही.

पालकांसाठी दोन शब्द

मुलीच्या हाती फाईलचं काम जरूर द्या, टॉर्च मात्र देऊ नका. प्लाझ्माचा उजेड उघड्या डोळ्यांनी पाहू नये. मशीनजवळ मोठ्यांनीच असावं आणि योग्य काचेचा चष्मा लावूनच असावं. घरात लेझर कटर असेल तर त्यावर पीव्हीसी किंवा रेक्झिन कधीही कापू नका, त्यातून विषारी वायू निघतो. नवी फाईल असेल तर टॉर्चच्या जागी मार्कर पेन बांधून ती आधी पुठ्ठ्यावर चालवा. पाच मिनिटं जातील, पण पत्रा वाचेल. आणि फाईल चुकली म्हणून मुलीवर ओरडू नका. ओरडा बसला तर पुढची चूक ती लपवेल आणि लपवलेली चूक पत्र्यावरच निघेल.

आणि माझ्या कऱ्हाडच्या मैत्रिणी, तू लिहिलं आहेस, ‘मला चुकायचं नाहीये.’ तू चुकशील गं! मी चाळीस वर्षं या कामात घालवली, मीही चुकतो. फक्त चूक पडद्यावर सापडली तर खर्च शून्य, कागदावर सापडली तर एक कागद, पुठ्ठ्यावर सापडली तर जुनं खोकं. तेव्हा आधी तिथे हव्या तेवढ्या चुका कर. बाबांना शेजारी बसव. त्यांना पत्रा कळतो, तुला कॉम्प्युटर कळतो. पहिलं नाव स्वतःचंच काप, आणि अनुस्वार असेल तर सांभाळ. कसं झालं ते कळव. वाट बघतो.

डोक्याला खुराक : ज्योत दीड मिलिमीटर धातू खाते. मला बरोबर ५० मिलिमीटर व्यासाचं भोक हवं आहे. तर टॉर्चचं टोक किती व्यासाच्या वर्तुळावर फिरलं पाहिजे? उत्तर पोस्टकार्डावर पाठवा. बरोबर उत्तर, आणि राहिलेली बेअरिंगची गोष्ट, पुढच्या अंकात!

तुमचा,
कारखानाकाका